जहाजातली पाच, ट्रकातली सहा

वरकुट्याच्या बनाबाईला यंदा उन्हाळाभर एका जागी बसवत नव्हतं. भाकरी थापता थापता ती पिठाच्या हातानं मोबाइल उचलायची, बातम्या लावून परातीला टेकवायची आणि तव्यावरची भाकरी करपली की नवऱ्यावर खेकसायची. नवरा रामहरी गरीब माणूस. तो करपलेली भाकरी मुकाट्यानं दुधात कुस्करायचा आणि आज तिकडं काय म्हणतात ते विचारायचा. तिकडं म्हणजे इराणात. पारावरच्या रिकामटेकड्यांनी बनाबाईचं नाव इराणची सरपंच असं ठेवलं होतं. ती रस्त्यानं निघाली की कुणीतरी मुद्दाम विचारायचं, काय सरपंचबाई, लढाई कधी थांबवताय? विचारणाऱ्याच्या चुलत्याची बागसुद्धा तिच्याच शब्दावर तोडली जायची, पण टवाळी करताना एवढं कोण ध्यानात ठेवतो.

इंदापूर तालुक्यातल्या बाईचा आणि इराणचा संबंध केळीचा. या भागातली केळी खोक्यात बसून थंड कंटेनरनं बंदरावर जातात, तिथून जहाजानं आखातात आणि इराणात. बनाबाईनं समुद्र पाहिला होता तो लहानपणी, कोकणात मेंढरांमागं गेली होती तेव्हा, आणि तोही लांबून. पण होर्मुज नावाची एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे, ती उघडी असली की आपल्या घडाला भाव आणि बंद झाली की आपला घड झाडावरच पिवळा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाकी जगाचा नकाशा तिला पाठ असण्याची गरज नव्हती.

तिच्या गटात अकरा बागा होत्या. एकट्याच्या बागेतून एका तोडीत कंटेनर भरत नाही, म्हणून अकरा जणांनी मिळून पाळी लावली होती. कुणाची बाग कधी तोडायची, माल कुणाला द्यायचा, हे बनाबाई ठरवायची. तिला कुणी निवडून दिलेलं नव्हतं. घड बोटात धरून तो आठ दिवसांनी भरेल की दहा, हे ती सांगायची आणि तसं व्हायचं, एवढीच तिची पात्रता. शिवाय ती कारभाऱ्याची लेक. तिचा बाप गेणबा मेंढरांच्या वाड्याचा कारभारी होता. दहा-बारा घरं आपापली मेंढरं घेऊन एकत्र चालायची, त्याला वाडा म्हणायचे. कारभाऱ्यानं पुढं जाऊन वाट बघायची, शेतकऱ्याशी बोलायचं, त्याच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळायचं, वाड्याला धान्य. कारभाऱ्याचा शब्द चुकला तर सगळा वाडा मार खायचा. बनाबाई तसल्या घरात वाढली होती आणि तिला त्याचा थोडा ताठाही होता, हे सांगितलेलं बरं.

या अकरात एक होता जोतीराम. त्याची बाग बनाबाईच्या बागेला लागून. जोतीरामाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाल्याचं, वांगी नि टोमॅटो पिकवणारं. रामहरी आणि बनाबाईनं मेंढरं विकून शेजारची जमीन घेतली तेव्हा जोतीरामाचा बाप म्हणाला होता, की शेजाराला मेंढकं आलं, आता बांधावर काय उरायचं नाही. पुढं बनाबाईनं धरणाच्या फुगवट्यावरून पाइपलाइन आणली, ती जोतीरामाच्या रानातून येत होती. त्यावरून सहा वर्षं तहसीलदारापुढं दावा चालला. एकदा पाइप उकरला गेला, एकदा कुऱ्हाडी निघाल्या. रामहरीच्या कपाळावर त्या वेळची खोक अजून दिसते.

मिटलं ते केळीपायी. दोन वर्षांपूर्वी गटाला कंटेनर भरायला एक बाग कमी पडत होती आणि जोतीरामाला एकट्याला निर्यातवाला दारात उभा करत नव्हता. दोघांचीही अडचण. मग एक दिवस जोतीराम स्वतःच गटाच्या शेडवर आला, खोकी मोजत असल्यासारखा उभा राहिला आणि जाताना म्हणाला की माझी बाग पण लिहा. दावा मागं घेतला गेला. पाइपाचा वॉल्व्ह त्याच्याच रानात होता, तो त्यानं पुन्हा कधी बंद केला नाही. पण एकमेकांच्या घरचा चहा दोघांनीही घेतला नाही. बनाबाईला या समेटाची मोठी भीती वाटायची. भांडण होतं तेव्हा ती निवांत झोपायची. समेट झाल्यापासून मात्र कुठल्या शब्दानं तो मोडेल, याची धास्ती तिच्या मागं लागली.

यंदा उन्हाळा लागता लागता तिकडं लढाई पेटली. जहाजं थांबली. ज्यांचा माल वाटेत होता त्यांनी कपाळाला हात लावला, ज्यांचा झाडावर होता ते बनाबाईच्या अंगणात येऊन बसायला लागले. घड भरत आले होते. केळीला थांब म्हणता येत नाही. दिवसातून चारदा ती बागेत जायची, बोटं चेपून बघायची, परत यायची, पुन्हा बातम्या. रामहरी म्हणाला, अगं तू बघितल्यानं ते बॉम्ब टाकायचे थांबणार हायत का. तिनं बातम्यांचा आवाज वाढवला.

आणि एका सोमवारी दोन निरोप बरोबरच आले. पहिला दिल्लीच्या व्यापाऱ्याचा. त्याचे ट्रक टेंभुर्णीत उभे होते. भाव पाडून मागत होता, पण माल जागेवर उचलणार आणि तिथंच विषय संपणार. दुसरा यशराजचा. हा बारामतीचा निर्यातदार, वय तिशीच्या आत, बोलायला साखरेसारखा पण शब्दाला खोटा नाही. तो म्हणाला, काकू, तिकडं चार दिवस तोफा थांबल्यात, शनिवारी एक जहाज निघतंय. दोन कंटेनर बसवून देतो. भाव दिल्लीच्या दुपटीच्या वर. फक्त एक आहे, एरवी बागेत वजन झालं की माल माझा असतो, या वेळी जहाजावर चढेपर्यंत तो तुमचा. मलाही जीव आहे.

अकराही जण पत्र्याच्या शेडमध्ये जमले. निम्मे म्हणाले दिल्ली, निम्मे म्हणाले जहाज, आणि मग सगळे बनाबाईकडं बघायला लागले. तिच्या अंगात त्या क्षणी गेणबा कारभारी शिरला. तिनं त्यांना बापाची गोष्ट सांगितली. कोऱ्हाळ्याच्या शिवारात दोन शेतकऱ्यांचं हाडवैर होतं. दोघंही म्हणायचे, मेंढरं माझ्या रानात बसव, त्याच्या बसवलीस तर बघून घेईन. गेणबानं दोघांच्याही रानात निम्मी निम्मी बसवली. सगळी मेंढरं एका रानात बसवायची नाहीत, हा त्याचा कायदा. मग आपणही तसंच करू, बनाबाई म्हणाली. पाच बागा जहाजाला, सहा बागा ट्रकला.

हे ऐकायला इतकं शहाणपणाचं होतं, की सगळ्यांनी माना डोलावल्या. शिवाय सोयीचंही होतं. तोडणाऱ्यांची बंगाली टोळी एकच, जहाजाच्या मालासाठी दोन दिवसांत तिला अकराही बागांत थोडं थोडं तोडत फिरवता आलं नसतं. पाच बागा पुऱ्या तोडायच्या, मग सहा.

कोणती पाच, हा प्रश्न निघाला तेव्हा जोतीराम पहिल्यांदा बोलला. चिठ्ठ्या टाका की, एवढंच म्हणाला. बनाबाईनं ते हातानं झटकलं. माल बघून ठरवायचं असतं, चिठ्ठीनं बागा तोडत नाहीत, असं ती म्हणाली. मग तिनं नावं सांगितली. पहिलंच नाव जोतीरामाचं. बाकीच्यांशी घडाफण्यांवरून तासभर हुज्जत झाली. स्वतःची बाग तिनं ट्रकात टाकली.

तिच्या मनात काय होतं ते सांगतो, कारण पुढं सगळं त्याच्यावरच अडलं. जहाज निघणार याची तिला नव्वद टक्के खात्री होती. दुप्पट भाव जहाजाला होता, म्हणजे सोन्याचं ताट तिकडं आणि पितळी इकडं. जोतीरामाच्या नव्या घराचा स्लॅब वर्षभर अडला होता. खांबाच्या गजांना गंज चढत होता आणि ते बनाबाईच्या ओट्यावरून रोज दिसायचे. तिनं ताट त्याच्यापुढं सरकवलं आणि पितळी स्वतःकडं ओढली. एकदा का त्याचा स्लॅब आपल्या शब्दावर पडला, की पाइपाची कटकट आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत मिटली, असा तिचा आडाखा. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. जोतीराम तिच्याकडं बघून शेडबाहेर पडला. सारजा, त्याची बायको, दारात उभी होती. तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि पदर खोचून तोडणीच्या तयारीला गेली.

तोडणी झाली. घड खांद्यावरून आले, फण्या तुरटीच्या पाण्यात धुतल्या गेल्या, खोकी भरली. ट्रक दिल्लीला गेले, पैसे जागेवर मिळाले. कंटेनर गुरुवारी बंदरावर पोचले. शुक्रवारी सकाळी तिकडं पुन्हा बॉम्ब पडले.

शनिवारचं जहाज धक्क्याला लागलंच नाही. मंगळवारी लागेल म्हणाले. मंगळवारी विमावाल्यांनी हात वर केले. कंटेनर वीज लावून तिथंच उभे, आणि त्या विजेचं, त्या जागेचं भाडं रोज चढतं. बनाबाई दिवसातून वीस वेळा यशराजला फोन लावायची. तोही बिचारा दर वेळी उचलायचा. आठव्या दिवशी त्याचा आवाज बसला. अकराव्या दिवशी दारं उघडली तेव्हा वरच्या थरातली खोकी पिवळी पडली होती, आणि एक पिकायला लागलं की बाकीची थांबत नाहीत. सगळा माल मुंबईच्या बाजारात मातीमोल गेला. पाच जणांच्या हातात भाड्यापुरते पैसेही उरले नाहीत.

गावाला आता बोलायला विषय मिळाला. आणि गाव काय बोललं असेल? की बनाबाईनं बरोबर डाव साधला. आपली बाग ट्रकात आणि जोतीरामाची पहिल्या नावानं समुद्रात. सहा वर्षांच्या दाव्याचं उट्टं एका तोडीत काढलं. मेंढकी हाय, मेंढकी, धीर धरून बसली होती, असंही कुणी म्हणालं. बनाबाईनं हे ऐकलं, आणि तिला ते खोडताही येईना, कारण बाहेरून बघणाऱ्याला दुसरं काही दिसणंच शक्य नव्हतं. ती स्वतः जोतीरामाच्या जागी असती तर तिलाही हेच दिसलं असतं. चांगल्या हेतूची पावती कुठल्या खिशातून काढून दाखवायची?

ती वाट बघत राहिली, की आज तो भांडायला येईल. आला असता तर बरं झालं असतं. जोतीराम आला नाही. रस्त्यात भेटला तर बाजूला होऊन वाट द्यायचा. सारजा पाणवठ्यावर पाठ करून उभी राहायची. बनाबाई रोज सकाळी उठून आधी पाइपाच्या तोंडाशी जायची, आज पाणी आलं की नाही बघायला. पाणी रोज यायचं. ते बघून तिचा जीव आणखीच कासावीस व्हायचा. वॉल्व्ह बंद केला असता तर तिनं शिव्या घातल्या असत्या, रामहरीला पाठवलं असतं, तहसीलदाराकडं गेली असती. त्या सगळ्याची तिला सवय होती. या न बोलण्याचं काय करायचं ते तिला कळेना. भांडी घासताना ती एकटीच बोलायला लागली. रामहरी घाबरला आणि त्यानं बारामतीच्या कंपनीत असलेल्या लेकाला, अविराजला, फोन करून आईला दोन दिवस घेऊन जा म्हणून सांगितलं.

बारामतीला ती गेली, पण लेकाकडं बसायला नव्हे. सरळ यशराजच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. काहीतरी भरपाई द्या, निदान पाच जणांना निम्मी, असं तिनं मागितलं. यशराजनं तिला खुर्ची दिली आणि स्वतःच्या अडकलेल्या कंटेनरची यादी तिच्यापुढं ठेवली. ती लांबलचक होती. मग म्हणाला, काकू, महिन्याभरानं एक वाट निघेल असं वाटतंय. सामुद्रधुनीच्या अलीकडच्या एका बंदरावर माल उतरवायचा, तिथून ट्रकनं पुढं. तिकडच्या लोकांनाही केळी पाहिजेच आहेत, लढाई असली म्हणून लेकरं खायची थांबत नाहीत. पण हमी मी देत नाही. तुमच्या गटाला यायचं असलं तर सांगा.

बनाबाई उठली. लेकाला फोनवरच येते म्हणाली आणि इंदापूरची एसटी धरली. मध्येच तिला काय वाटलं कुणास ठाऊक, लासुर्ण्याला उतरली. तिथं तिची थोरली बहीण ठमाबाई राहायची. ठमाबाई बनाबाईहून पंधरा वर्षांनी मोठी, वाड्याबरोबर तरुणपणीही चाललेली. ती ओट्यावर मेथी निवडत होती. बनाबाईनं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, पाच आणि सहा, बापाचा कायदा, ट्रक, जहाज, सगळं. सांगताना तिला रडू आलं, ते तिनं आवरलं नाही.

ठमाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली.

"बने," ती म्हणाली, "आबा माणसं वाटत नव्हता गं. मेंढरं वाटत होता."

बनाबाईला पटकन कळलं नाही. तेव्हा ठमाबाईनं उलगडून सांगितलं. कोऱ्हाळ्याच्या त्या दोन रानांत गेणबानं पाच घरं इकडं आणि सहा घरं तिकडं अशी बसवली नव्हती. प्रत्येक घरची निम्मी मेंढरं इकडं आणि निम्मी तिकडं बसवली होती. त्यात ताप किती. पिल्लं एका रानात, माय दुसऱ्या रानात, रात्रभर ओरडाओरडा, बायामाणसांना दोन्हीकडं राखण. सगळा वाडा त्याला शिव्या घालत होता. तो म्हणायचा, ओरडू द्या. एका रानावर दगड पडले तर सगळ्यांच्याच घरची चार मेंढरं मरतील, एकाचंच घर बुडायचं नाही, आणि मग कुणी कुणाकडं बोट दाखवायचं नाही. बनाबाई तेव्हा सात-आठ वर्षांची. तिला आठवत होतं ते एवढंच, की निम्मी इकडं आणि निम्मी तिकडं. जो भाग अवघड होता तोच तिच्या आठवणीतून गळाला होता.

ती घरी आली ती चप्पल न काढता शेजारच्या रानात शिरली. जोतीराम त्याच्या मागाहून लावलेल्या केळीत होता, बुंध्याशी फुटलेली पिलं काढत होता. तिनंही मागाहून एक तुकडा लावला होता, दोघांचाही महिन्यानं तोडीला येणार होता. बांधावर उभी राहून तिनं हाक मारली. दोन वर्षांत तिनं त्याला स्वतःहून मारलेली ही पहिली हाक. तो वाकलेला सरळ झाला, कोयता हातातच होता.

बनाबाईनं वाटेत शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे विसरली. ट्रकातल्या माझ्या मालाचं जे आलं त्यातलं निम्मं तुमचं, असं तिनं एकदम सांगून टाकलं. बाकीच्या ट्रकवाल्यांनाही सांगणार आहे, देतील तेवढे देतील, नाही देणार त्यांच्याशी भांडेन, पण माझं निम्मं आज घ्या.

"मला नको," जोतीराम म्हणाला. "मला एक सांगा वयनी. मला जहाजात का घातलं?"

"तुमचं भलं व्हावं म्हणून," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नाही. "आन माझा पाइप कायमचा ऱ्हावा म्हणून. तुमचा स्लॅब माझ्या शबुदावर पडला असता, तर तुमी परत कधी वॉल्व्हाला हात लावला नसता. ह्ये दोन्ही खरं हाय."

जोतीरामानं कोयता केळीच्या बुंध्यात रोवला. तो रागावला होता, पण गाव म्हणत होतं त्या कारणानं नाही, हे तिला त्याच्या तोंडाकडं बघून पहिल्यांदाच कळलं.

"तुमी मला बुडवलं असं मी एक दिवस पण म्हणलो न्हाय," तो म्हणाला. "त्या दिवशीच कळलं हुतं मला, ह्या बाई मला चांगलं ताट वाढायल्या म्हणून. त्याचाच राग हाय. बाकी नऊ जणांशी तुमी तासभर हुज्जत घातली. ह्याचा घड बारीक, त्याची फणी डागी. माझ्याशी एक शबूद न्हाय. मी चिठ्ठ्या म्हणलो, तुमी ऐकून घेतलं न्हाय. माझ्या मालाचा जुवा मी खेळंन न्हायतर न खेळंन. तुमी माझ्या वतीनं खेळला. पाव्हण्याला करत्यात तसं. दोन वर्सं झाली गटात येऊन, मी अजून पाव्हणाच हाय तुमच्या लेखी."

खरंच होतं ते. त्याच्याशी बोलताना बनाबाई नेहमी काचेच्या भांड्याला हात लावल्यासारखी बोलायची. भांडणाला भिऊन तिनं त्याच्याशी साधं घासाघाशीचंही बोलणं ठेवलं नव्हतं, आणि ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही त्याच्याबरोबर धंदा कसला होणार. इतकी वर्षं कारभारपण मिरवलं आणि एवढं समजायला एक माणूस बुडवावा लागला, याची तिला तिथं उभ्या उभ्या फार लाज वाटली. ती बांधावरच खाली बसली.

मग तिनं यशराजचा निरोप सांगितला. महिन्यानं दुसरी वाट, दुसरं बंदर, हमी नाही. या वेळी बागा वाटायच्या नाहीत, प्रत्येकाचा तुकडा वाटायचा, टोळी कितीही करवादली तरी. आणि माझा पुरा तुकडा मी जहाजाला घालते, ती म्हणाली. तुम्ही तुमचा दिल्लीला द्या. मागची फिट्टंफाट होईल.

जोतीरामानं मान झटकली. "पुन्यांदा त्येच," तो म्हणाला. "आन उद्या तुमचा समदा माल बुडाला म्हंजी? तवा मी तुमच्या दारात निम्मं घेऊन यायचं? मला असलं कायबी नको. तुमच्या तुकड्यात ओळी किती?"

"बावीस."

"माझ्यात अठरा. तुमच्या अकरा आन माझ्या नऊ जहाजाला."

"तुमच्या नऊ कशाला? पैल्या सहा वळींचा घड बारीक हाय तुमचा. त्यो निर्यातीत बसत न्हाय."

"बारीक? कुणाचा घड बारीक?"

"या हिकडं, दावते," बनाबाई म्हणाली आणि पदर खोचून उठली.

त्यानं कोयता उपसला आणि पुढं झाला. दोघं पहिल्या ओळीत शिरले. तिनं एका घडाची फणी धरून दाखवली, त्यानं तीच फणी धरून उलटं दाखवलं. आवाज चढले. खत कमी पडलंय, ती म्हणाली. खत मला शिकवू नका, तो म्हणाला, माझ्या बापानं तुमच्या बापाला मेंढरं बसवायला जागा दिली होती. दिली होती तर धान्य किती कमी मोजलं तेही सांगा, तिनं सुनावलं. हे सगळं इतक्या मोठ्यानं चाललं होतं, की घरी गुरांना वैरण टाकत असलेल्या रामहरीनं ते ऐकलं, त्याचा हात आपोआप कपाळाकडं गेला, आणि तो वैरण तशीच टाकून धावत सुटला. पलीकडून सारजाही पळत आली.

रामहरी धापा टाकत मध्ये घुसला आणि त्यानं दोन्ही हात जोडले. काय झालं असेल ते झालं, पाया पडतो, पण कोयता खाली ठेवा, असं तो म्हणत होता.

"तुमी मधी पडू नका, रामहरीराव," जोतीराम घडावरची नजर न काढता म्हणाला. "आमचं चाललंय अजून."

"चौदा वळी," बनाबाई म्हणाली. "माझ्या चौदा, तुमच्या सात. त्याच्यावर एक वळ घेणार न्हाय मी."

"साडेसात बी न्हाय, आठ. आन तुमच्या बारा."

रामहरी एकदा तिच्याकडं आणि एकदा त्याच्याकडं बघत राहिला. सारजानं पदरानं तोंडावरचा घाम पुसला, बांधावर बसून घेतलं आणि रामहरीलाही बसा म्हणाली. हे लवकर मिटायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं.